फलाटताईंचे वीतभर स्पीकर

शहरातल्या निम्म्या लोकांनी फलाटताईंना ऐकलं होतं. पाहिलं मात्र जवळपास कुणीच नव्हतं.

बसस्थानकाच्या जिन्याच्या वळणावर काचेची एक खोली होती. आत एक टेबल, एक खुर्ची, माइक आणि गाड्यांच्या वेळांचा तक्ता. काच इतकी मळकी, की आत बाई बसली आहे की खुर्चीला कोट अडकवला आहे, हे खालून बघणाऱ्याला कळू नये. त्या खोलीत बसून त्यांनी एकतीस वर्षं गाड्या सोडल्या. प्रत्येक वाक्य ‘फलाट क्रमांक’ने सुरू व्हायचं, म्हणून ड्रायव्हर-कंडक्टरांनी त्यांचं नाव फलाटताई ठेवलं. निवृत्तीच्या दिवशी त्या निरोप घ्यायला खाली उतरल्या, तेव्हा वीस वर्षं गाडी चालवलेला एक ड्रायव्हर त्यांच्याकडे बघतच राहिला. मग जरा नाराजीनं म्हणाला, “मला वाटलं होतं, तुम्ही उंच असाल.”

ताई जेमतेम पाच फूट. त्या हसल्या खऱ्या, पण ते वाक्य घरापर्यंत सोबत आलं. लोकांच्या मनातली ती उंच बाई कोण होती? उंच होते ते छताखाली टांगलेले चार कर्णे. आवाज तिथून पडायचा. मग लोक इतकी वर्षं आपल्याला ऐकत होते की कर्ण्यांना?

पुढच्याच आठवड्यात काचेच्या खोलीला कुलूप लागलं. घोषणा कॉम्प्युटर करू लागला. एकाही प्रवाशानं तक्रार केली नाही. ताईंनी मुद्दाम जाऊन चौकशी केली होती.

दीड वर्ष असंच गेलं. मग कुणीतरी त्यांना बोलक्या पुस्तकांबद्दल सांगितलं. अंध वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करून घेणारं एक ग्रंथालय होतं. त्यांना घरी बसून वाचणारी माणसं हवी होती. आधी एक प्रकरण नमुना म्हणून पाठवायचं. पसंत पडलं तर पुढे अख्खं पुस्तक मिळणार. संधी तीन. तिसऱ्यांदाही जमलं नाही तर नाव यादीतून जाणार. ताईंनी फॉर्म भरला तेव्हा ही शेवटची ओळ नीट वाचलीसुद्धा नाही. जिनं जन्मभर बोलून पोट भरलं, तिला तिसरी संधी कशाला लागते?

घरात दोघीच. ताई आणि त्यांची नणंद. ताईंचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. नणंद त्याच्या आधीपासून त्यांच्याकडे राहत होती आणि बाहेरच्या खोलीत मशीन टाकून लोकांचे पडदे शिवत होती. ताई तिला वन्सं म्हणत आणि अहोजाहो करत. वन्सं ताईंना वहिनी म्हणत आणि अगंतुगं करत. वय दोघींचं सारखंच. पण बोलण्याची ही रीत तीस वर्षांपूर्वी पडली होती आणि ती बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही.

स्वयंपाकघरामागे अडगळीची खोली होती. आठ पावलं लांब, सात पावलं रुंद. तिथं ताईंनी टेबल, माइक आणि कॉम्प्युटर मांडला. भिंतींवरून आवाज परत येऊ नये म्हणून वन्संनी उरलेल्या पडद्यांची कापडं जोडून, आत जाड कापूस भरून, चार मोठाल्या रजया शिवल्या आणि चारी भिंतींवर ठोकल्या. एक हिरवी मखमली, एक पट्ट्यापट्ट्यांची, दोन फुलाफुलांच्या. खोली आतून सर्कशीच्या तंबूसारखी दिसू लागली. दुपारी दोन ते चार वन्सं मशीन बंद ठेवत. “तुझ्या पुस्तकापायी माझे दिवसाला दोन पडदे बुडतात,” असं रोज बजावत, आणि रोज दोनला मशीनवर कापड टाकून मोकळ्या होत.

रेकॉर्ड केलेलं ऐकायचं कसं, हा पहिला घोळ. हेडफोन ताईंना मानवले नाहीत. त्यांचा डावा कान अधू होता. काचेच्या खोलीच्या डाव्या खिडकीबाहेरच एक कर्णा होता, त्यानं एकतीस वर्षांत तो कान खाल्ला होता. हेडफोन लावले की सगळं पुस्तक उजव्या कानाशी येऊन बसायचं, जणू कुणी शेजारी चहाडी करतंय. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरसोबत आलेले जुने स्पीकर जोडले. दोन लहान डबे टेबलावर आणि बासचा, म्हणजे जाड, खालच्या आवाजाचा मोठा डबा टेबलाखाली, पायाशी. त्यावर आवाज चांगला घुमायचा. ताईंना घुमणं चालत नसे. बसस्थानकातल्या यंत्रावर बासचं बटण त्या कायम डावीकडे टोकाला ठेवत, कारण बास वाढला की कर्ण्यात शब्दांचा लगदा होई, सहा आणि दहा सारखेच ऐकू येत. कॉम्प्युटरवरही तसंच एक बटण होतं, फिरवलं की पाठवायच्या रेकॉर्डिंगलाच लागू होणारं. त्यांनी सवयीनं तेही डावीकडे नेलं. मग आवाज मोकळा, स्पष्ट वाटू लागला. नमुना गेला.

पंधरा दिवसांनी तो परत आला. सोबत दोन ओळी. आवाज फार पातळ आहे. शब्दांच्या मध्ये विनाकारण थांबता.

ताईंनी दोन दिवस माइकवर कापड टाकून ठेवलं. मग घसा खाली उतरवून, छातीतून बोलल्यासारखं करत सगळं प्रकरण पुन्हा वाचलं. ते जास्तच घुमलं. त्यांनी बास आणखी कापला. दुसरा नमुनाही परत आला. या वेळी ओळी नव्हत्या, फोन आला.

फोन ग्रंथालयाच्या तपासनिसांचा होता. वाचकांचे नमुने तेच ऐकत. ते जन्मापासून अंध होते, आणि हे त्यांनी हवापाणी सांगावं तसं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. बोलणं सौम्य होतं. ते म्हणाले, उच्चार उत्तम आहेत, समज चांगली आहे, पण काहीतरी निसटतंय. मग म्हणाले, “मला चेहरा दिसत नाही. माझ्यासाठी आवाज हाच माणूस. तुमच्याकडून अर्धाच माणूस येतोय.”

ताईंनी विचारलं, वयामुळे असेल का. ते म्हणाले, वयामुळे आवाज जाड होतो, खरखरतो, असा पत्र्याचा होत नाही. मग त्यांनी विचारलं, की तुम्ही ऐकता कशावर. ताईंनी जुन्या स्पीकरांचं वर्णन केलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, की आधी खरं बोलणारे स्पीकर आणा, पुढचं पुढे बघू. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे.

फोन ठेवून ताई रजयांच्या खोलीत जाऊन बसल्या. त्यांना त्या ड्रायव्हरचं वाक्य आठवलं. कर्णे काढून घेतल्यावर खाली उरतं ते बहुतेक हेच, पत्र्याचं काहीतरी. ही शंका त्यांनी वन्संना सांगितली नाही. पण स्पीकर आणायला जाताना वन्संना सोबत घेतलं.

दुकान चष्म्यांच्या दुकानाशेजारी, एका बोळाच्या तोंडाशी होतं. दुकानदार पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. कानावर पेन्सिल, बोटांना चिकटपट्टीचा वास. त्यानं आधी निळे दिवे लागणारे मोठे स्पीकर सुरू केले आणि त्यावर स्वतःच्या आवडीचं एक गाणं लावलं. काउंटरवर वाटीत ठेवलेले स्क्रू थरथरायला लागले. कसं वाटतंय, त्यानं विचारलं.

“छातीत वाजतंय,” ताई म्हणाल्या. “मला कानात हवंय.”

“हेच घे वहिनी,” वन्सं म्हणाल्या. “रात्री दिवा तरी लावायला नको.”

ताईंनी पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला. त्यात त्यांच्याच वाचनाची दोन मिनिटं होती, काहीही न कापता, जशीच्या तशी. आणि शेवटी, मुद्दाम, ‘फलाट क्रमांक सहा, फलाट क्रमांक दहा’. गाण्यात आपल्याला काही कळत नाही, हे लावा, असं त्यांनी सांगितलं. दुकानदारानं भुवया उंचावल्या, पण लावलं.

निळ्या दिव्यांवर ताई विहिरीच्या तळाशी बसून बोलत होत्या. दुसऱ्या लाकडी जोडीवर त्यांच्या आवाजाला कुणी तूप चोपडलं होतं. तो ऐकून वन्संनी मान डोलावली. तिसरी जोडी प्लॅस्टिकची, स्वस्तातली, नाकात बोलणारी. तिच्यावर ‘फलाट क्रमांक सहा’ वाजलं आणि दुकानदाराच्या कानावरची पेन्सिल खाली पडली.

“अहो, हा तर बसस्थानकावरचा आवाज.”

“ह्याच त्या,” वन्सं म्हणाल्या, जणू ताईंना त्यांनीच शिवून तयार केलं होतं.

दुकानदारानं ताईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. तो उंचीबद्दल काही बोलला नाही, पण ताईंना ते ऐकू आलं. मग त्यानं कोपऱ्यातली चौथी जोडी जोडली. काळे, वीतभर उंचीचे दोन डबे. अॅम्प्लिफायर त्यांच्या पोटातच, त्यामुळे वेगळं यंत्र नाही, भिंतीतल्या सॉकेटला वायर लावली की झालं. यांच्यावर गाणं कुणी ऐकत नाही, रेकॉर्डिंगवाले नेतात, असं तो म्हणाला. आवाज सुरू झाला. दुकानदार लक्ष देऊन ऐकत होता. दोन मिनिटं संपल्यावर त्यानं मान हलवली.

“यावर मी तुम्हाला ओळखलं नसतं.”

तो सहज बोलला. ताईंनी मात्र पिशवी जवळ ओढली. म्हणजे शंका खरी होती. पत्र्यातून आला तरच तो आवाज त्यांचा. पत्रा काढला की कुणीही बाई. त्या उठणारच होत्या, पण कान अजून त्या काळ्या डब्यांवर होते. त्यात काहीतरी होतं जे आधीच्या तिन्ही जोड्यांत नव्हतं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पान उलटल्याचा आवाज आला. खुर्ची एकदा कुरकुरली. ‘फलाट’ म्हणण्याआधी एक छोटा श्वास होता. आणि मग लांबून, भिंतीपलीकडून, एक दीर्घ, समाधानी आवाज.

“हे काय आहे?” दुकानदार म्हणाला.

“जांभई,” ताई म्हणाल्या आणि वन्संकडे वळल्या.

“दोन वाजता मशीन बंद करून बसवतेस,” वन्सं म्हणाल्या, “मग जांभई येणार नाही तर काय भजन सुचणार?”

ताईंनी तीच जोडी घेतली. लाकडी जोडी सोडताना वन्संचा जीव तुटला. “त्यात तू किती छान वाटत होतीस,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच नको,” ताई म्हणाल्या. पैसे देता देता त्यांनी विचारलं, की बोलणार मी एकटी, मग स्पीकर दोन कशाला.

“कान दोन आहेत ना,” दुकानदार म्हणाला.

डावा नावापुरताच आहे, असं ताईंनी सांगितलं. तेव्हा तर समोरून ऐकणंच बरं, तो म्हणाला. हेडफोनमध्ये ज्याचा त्याचा कान. समोर ठेवले तर चांगला कान दोन्हींचं ऐकतो. मग त्यानं डब्यातला एक घडीचा कागद काढून दाखवला. कसे आणि कुठे ठेवायचे ते यात आहे, एवढं मात्र वाचा. ताई हसून हो म्हणाल्या. स्पीकर कुठे टांगायचे हे त्यांना कागदानं सांगायचं? कर्णे बसवणाऱ्यांना त्या जिन्यावर उभं राहून सूचना देत असत.

घरी आल्यावर तो कागद टेबलाच्या आखूड पायाखाली गेला. चांगला जाड होता.

अडगळीच्या खोलीत समोरच्या दोन्ही कोपऱ्यांत, छतापासून हातभर खाली, जुन्या फळ्या होत्या. त्यावर वन्संच्या कापडाचे गठ्ठे असत. ताईंनी गठ्ठे उतरवले आणि फळीवर एकेक स्पीकर कोपऱ्यात घट्ट सरकवून, तोंड जरा खाली वाकवून ठेवला. आवाज वरून पडला पाहिजे. सगळीकडे सारखा पोचतो. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी वर बघत स्वतःला ऐकलं. आवाज भारदस्त होता. जरा जास्तच. त्यांनी बासचं बटण डावीकडे नेलं. आता तो मोकळा झाला. ताईंना हायसं वाटलं. दुकानात ऐकलेल्या त्या कुणीही बाईपेक्षा हा आवाज ओळखीचा होता.

तीन आठवडे त्या रोज दुपारी वाचत राहिल्या. महिना संपायला पाच दिवस असताना प्रकरण पूर्ण झालं. एकदा शेवटचं ऐकायचं आणि पाठवायचं, एवढंच उरलं. त्या दिवशी सकाळी ताई विजेचं बिल भरायला गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा फळ्यांवर कापडाचे गठ्ठे होते आणि स्पीकर टेबलावर. वन्संना एका दवाखान्याचे चौदा पडदे शिवायला मिळाले होते. ताग्यांना जागा नव्हती. त्यांनी स्पीकर उतरवून टेबलावर ठेवले होते, आणि टेबलावर सांडलवंड होते म्हणून प्रत्येकाखाली ताईंनी आठवण म्हणून आणलेली गाड्यांच्या वेळांची दोन-दोन जाड रजिस्टरं सरकवली होती. भिंतीपाशी मशीनचं तेल आणि बॉबिनचे डबे ठेवल्यामुळे स्पीकर चांगले दोन वीत पुढे आले होते.

ताईंनी विचारलं, हात लावायला कुणी सांगितलं होतं.

“माझे गठ्ठे उतरवताना मला कुणी विचारलं होतं?” वन्सं म्हणाल्या.

“वन्सं, आवाज वरूनच यायला लागतो. तुम्हाला त्यातलं कळत नाही.”

“नसेल कळत. पण वहिनी, इथं कुणाला गाडी पकडायची नाहीये.”

ताई खुर्चीवर बसल्या. गठ्ठे पुन्हा उतरवायचा कंटाळा आला होता आणि भांडायचाही. निदान ऐकून तरी घेऊ म्हणून त्यांनी पूर्ण झालेलं प्रकरण लावलं.

समोरच्या काळ्या डब्यांतून एक पत्र्याची बाई बोलू लागली.

कोरडी, पातळ, रिकामी. वाक्याला शरीरच नाही. ताईंना वाटलं, उतरवताना वन्संनी वायर तोडली. त्यांनी सगळ्या वायरी तपासल्या. जागच्या जागी होत्या. पुन्हा लावलं. तीच बाई. मग त्यांनी स्टूल ओढलं, एक गठ्ठा खाली ढकलला, एक स्पीकर कोपऱ्यात वर ठेवला आणि फक्त तोच सुरू केला. वरून जाडजूड, भरलेला, ओळखीचा आवाज आला. पुन्हा खाली आणला. पत्रा. पुन्हा वर. असं चार वेळा झालं. वन्संनी स्टूल धरून ठेवलं होतं. चौथ्यांदा ताई खाली उतरल्या त्या सरळ जमिनीवर बसल्या आणि टेबलाच्या पायाखालचा कागद ओढला. टेबल कलंडलं. वन्संच्या चहाचा कप घरंगळला, रजिस्टरावर चहा सांडला. ताईंनी कागदाची घडी उलगडली. पहिलंच चित्र कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचं होतं आणि त्यावर मोठी फुली होती. खाली एक ओळ. कोपऱ्यात ठेवल्यास बास फुगतो.

फुगतो. म्हणजे तो आवाजात नव्हताच, कोपऱ्यात होता. त्याआधी तो पायाशी ठेवलेल्या डब्यात होता. आणि त्या प्रामाणिकपणे, रोज, तो फुगवटा कापत होत्या. कापला जात होता तो खरा आवाज. अर्धा माणूस ग्रंथालयात जात होता, उरलेला अर्धा बटणाच्या डावीकडे पडून होता.

ताईंनी मूळ रेकॉर्डिंग शोधलं. ज्याला अजून बटण लागलं नव्हतं ते. स्पीकर रजिस्टरांवर सारखे केले. तोंडं आपल्याकडे वळवली. मग त्यांनी डोळे मिटले, कारण उघडे ठेवायची भीती वाटली.

समोर एक बाई बोलत होती. वय साठीच्या आसपास. घसा किंचित खरखरीत. लांब वाक्याच्या शेवटी जरा दमणारी. कुठेही वर नाही, इथेच, टेबलाच्या पलीकडे. उंची जेमतेम पाच फूट.

वन्सं दारात उभ्या होत्या. “ही तर तूच आहेस,” त्या म्हणाल्या. “सकाळी दूधवाल्याशी बोलतेस ती.”

ताईंनी डोळे पुसले आणि म्हटलं, चहा सांडलाय, फडकं आणा.

फडकं आणून टेबल पुसता पुसता वन्संनी आणखी एक विचारलं. हे मध्येमध्ये थांबतेस कशाला? पुढचं विसरतेस का? ताईंनाही आता ते ऐकू येत होतं. दर दोन-तीन शब्दांनंतर एक खड्डा. बसस्थानकात आवाज गाड्यांच्या शेडच्या भिंतीवर आपटून परत यायचा. तो येईपर्यंत थांबावं लागायचं, नाहीतर मागचा शब्द पुढच्यावर पडायचा. ती एकतीस वर्षांची सवय. पण या खोलीत चारी बाजूंनी रजया होत्या. इथून काहीच परत येत नव्हतं, आणि ताई दर वाक्यात त्याची वाट बघत उभ्या होत्या.

“मग वाट बघू नकोस,” वन्सं म्हणाल्या.

सांगणं सोपं होतं. पहिल्या दुपारी ताईंनी चार पानं वाचली आणि चारही टाकली. माइक दिसला की मोकळा फलाट समोर यायचा आणि जीभ थांबायची. दुसऱ्या दुपारी वन्सं स्टूल घेऊन आत आल्या आणि माइकच्या पलीकडे बसल्या. मांडीवर एक पडदा आणि हातात सुई. मशीन बंदच असतं, हातशिलाई इथे करते, असं त्या म्हणाल्या. ताई म्हणाल्या, हलायचं नाही. वन्सं म्हणाल्या, पडदा कधी हललेला पाहिलास का वारा नसताना.

ताईंनी वन्संकडे बघून वाचायला सुरुवात केली. एका माणसाला सांगताना कुणी प्रतिध्वनीची वाट बघत नाही. तरी सवय मधूनच उसळायची, तेव्हा वन्सं नुसत्या भुवया वर करत. तीन दुपारी असं चाललं. शेवटच्या दिवशी, बासचं बटण मध्यावर ठेवून, ताईंनी नमुना पाठवला. आवाज कापायचं राहिलं, म्हणून हात शिवशिवत होता.

मग वाट बघणं आलं. ताईंनी त्या दिवसांत खिडक्या पुसल्या, रजिस्टरांवरचे चहाचे डाग घालवायचा प्रयत्न केला, टेबलाच्या पायाखाली लाकडाची चकती बसवली. तो कागद भिंतीवर टाचला. वन्संना एकदा म्हणाल्या, नाही जमलं तरी निदान कळलं. काय कळलं ते सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी, दुपारी, तपासनिसांचा फोन आला. त्यांनी आधी चुका सांगितल्या. सात होत्या. एक जोडाक्षर, दोन ठिकाणी गिळलेला शेवट, एक चुकीचा आकडा, बाकी किरकोळ. ताई कागदावर लिहून घेत होत्या. मग तपासनिसांनी विचारलं, की खोलीत भिंतींना जाड काही लावलं आहे का.

“रजया,” ताई म्हणाल्या. “नणंदेनं शिवलेल्या.”

“छान शिवल्यात,” ते म्हणाले. “आणि आधी तुम्ही काय काम करत होतात? फॉर्ममध्ये नुसतं नोकरी लिहिलंय.”

ताईंनी सांगितलं. मग ते हसले. बारा वर्षं ते त्या बसस्थानकावरून कामाला जात असत, आणि गाडी कुठल्या फलाटावर लागली हे त्यांना कळण्याचा एकच मार्ग होता. त्यांनी दोन्ही नमुन्यांत तो आवाज ओळखला नव्हता, याचं त्यांनाच नवल वाटलं. तिसऱ्यातही नाही.

ताईंनी मनाचा हिय्या करून विचारलं, मग हा आवाज वेगळा आहे का.

“तेव्हा तुम्ही फार लांब होतात,” ते म्हणाले. “आता समोर बसल्यात.”

पुस्तक टपालानं येईल, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. ते आलं. सहाशे बारा पानांची कादंबरी. वन्संनी ती हातात घेऊन तोलली आणि म्हणाल्या, यात माझे चाळीस पडदे तरी बुडणार. पण त्यांनी स्टूल हलवलं नाही. आता दुपारी दोन वाजता त्या ताईंच्या आधी आत जाऊन बसतात. तिसऱ्या प्रकरणात कादंबरीतल्या थोरल्या सुनेनं घर सोडलं, त्या दिवशी ताईंनी पुस्तक मिटताच वन्संनी विचारलं, ती परत येते का. ताईंनी पुढचं सांगायला नकार दिला. उद्या दोन वाजता या, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी ताई दिवसभराचं काम ऐकत बसल्या होत्या. रजिस्टरांवरचे दोन काळे डबे त्यांच्याकडे तोंड करून होते. वाचन चांगलं झालं होतं. सून उंबऱ्याशी थांबली, आणि नेमक्या त्या शांततेत एक बारीकसा आवाज आला. कट्. ताईंनी तो पुन्हा ऐकला. मग दाराकडे तोंड करून हाक मारली.

“वन्सं, उद्यापासून कात्री आणा. दोरा दातानं तोडलात की ऐकू येतं.”